हुसेनभायांचा कान

"जस्त वाजतं, शिसं बसतं, कथील रडतं." हुसेनभाय हे इतक्या वेळा म्हणायचे की मजऱ्यावरच्या तेलुगू माणसांनाही ते पाठ झालं होतं.

मजरा म्हणजे कुवेतमधल्या वफ्रातली शेती. आमच्या कफीलाची, म्हणजे ज्याच्या व्हिशावर आम्ही होतो त्या मालकाची. त्याला आम्ही सगळे बाबा म्हणायचो. खजुराची झाडं, काकडी-टोमॅटोची प्लास्टिकची घरं, आठ माणसं कामाला आणि त्यांचा स्वयंपाक करायला मी. मला तिथे हुसेनभायांनीच नेलं. ते मूळचे कल्हईवाले. आमच्या दापोलीखालच्या गावात दर मार्गशीर्षात यायचे, वडाखाली खड्डा करून भाता लावायचे. मी लहानपणी आईची पातेली घेऊन त्यांच्यापुढे बसलेली आहे. पुढे घरोघर स्टीलची भांडी आली. हुसेनभाय वडाखाली दोन-दोन दिवस बसून चार भांडी करून उठायला लागले. मग एका मार्गशीर्षात ते आलेच नाहीत. कुवेतला गेले, असं कळलं.

कुवेतची लढाई संपून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा ते सुट्टीवर आले आणि आमच्या अंगणात उभे राहिले. माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. आईला म्हणाले, "तुज्या शेवंताला माज्याबरोबर धाड. बाबाच्या मजऱ्यावर रांधायला मानूस हवं हाय. माजी भन म्हनून नेतो." आईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हो म्हणाली. माझी मुलगी आईजवळ राहिली.

मी चौथी शिकलेली. आवाज बारीक, चारचौघांत बोलायची सवय नाही. मजऱ्यावर पहिले सहा महिने मी हुसेनभायांखेरीज कुणाशी बोलले नसेन. ते हसायचे. म्हणायचे, "बाय, तुज्यापरास कथील बरं. वाकवलं तर रडतं तरी."

तिथे त्यांचं काम होतं बंदुकीच्या गोळ्या ओतायचं.

बाबाकडे त्याच्या आजोबांची एक लांब बंदूक होती. नळी आतून झिजलेली, लाकडाला चांदीची पट्टी. दुकानातली गोळी तिच्यात घातली तर तिच्या जोराने नळी फाटली असती, आणि बाबाचा खांदाही तो धक्का सोसण्यातला राहिला नव्हता. म्हणून तो शिशाची ओतलेली गोळी आणि थोडीशीच दारू घालून हळू जाणारी काडतुसं घरीच भरायचा. दारूला तो कुणाला हात लावू देत नसे. खोलीचं दार लावून, छोट्या काट्यावर स्वतः तोलायचा. गोळी मात्र हुसेनभायांची. आधी दोन माणसं ठेवून पाहिली होती, त्यांच्या गोळ्या भलतीकडेच जायच्या.

मला वाटायचं, हळूच जायचं तर कशीही गोळी चालेल. एकदा तसं विचारलंही. हुसेनभायांनी हातातली पळी खाली ठेवली. "उलटं हाय गो. जोराची गोळी खोटं पचवते. हळू गोळीला काय पचत नाय. एक सुरकुती असली तरी ती वाट सोडनार." साचा थंड असला की पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघायच्या, फार तापला की पांढुरक्या. दोन्ही ते परत मुशीत टाकायचे. शंभर ओतल्या की साठ ठेवायच्या. त्या साठ फडक्यावर ओळीने मांडून एकेक बोटात फिरवायचे, मेण आणि मेंढीची चरबी एकत्र करून गोळीच्या खाचेत भरायचे. माझी आजी बाळंतिणीचे लाडू वळायची तेव्हा तिचा चेहरा असा असायचा.

शिसं अर्दियाच्या गॅरेजांतून यायचं. गाडीच्या चाकाला तोल धरायला छोटी वजनं ठोकतात, ती जुनी वजनं पोती भरून. त्यात शिशाबरोबर जस्ताचीही असतात आणि दिसायला दोन्ही सारखीच. जस्त मुशीत पडलं तर सगळी ओत नासते. हुसेनभाय पोतं ओतून मांडी घालून बसायचे आणि एकेक वजन दगडावर टाकायचे. वाजलं की डावीकडे, धप्पकन बसलं की उजवीकडे. डोळे मिटून. गोळीला कठीणपणा यावा म्हणून शिशात थोडं कथील घालायचे. ते बाबा मिरकाबच्या एका दुकानातून कांड्यांनी आणायचा. कांडी आली की हुसेनभाय ती कानापाशी नेऊन वाकवायचे. खरं कथील वाकताना आतून कुरकुरतं, मूल झोपेत मुसमुसावं तसं. माझ्या कानाला लावून त्यांनी ते मला ऐकवलं होतं. "आयकलंस? ह्याला फसवता येत नाय. शिसं मिसळलं की मुकं होतं."

शिशाला ते भ्यायचे. ओतायची शेड त्यांनी मजऱ्याच्या एका टोकाला घातली होती आणि माझी चूल दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ. मध्ये बोरीचं झाड. त्या झाडाखाली त्यांच्या चपलांचे दोन जोड असायचे, शेडचा वेगळा आणि माणसांतला वेगळा. शेडमधून येताना तिथे कपडे बदलायचे, चुना आणि रेती लावून कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच झाड ओलांडायचे. मातीची चिमूट उडवून वारा बघायचे. वारा माझ्या चुलीकडे असला तर बाबा डोक्यावर उभा राहिला तरी मूस पेटवायचे नाहीत.

"तू बी रांधतेस, मी बी रांधतो," ते म्हणायचे. "तुजं खाल्लं तर मानूस जगतो, माजं खाल्लं तर मरतो. दोन चुली दोन टोकांनाच बऱ्या."

बाबाच्या गोदामात एक जुना तांब्याचा टोप पडला होता, त्याच्या आईच्या वेळचा. हुसेनभायांनी तो बाहेर काढला आणि बऱ्याच वर्षांनी कल्हई केली. त्या दिवशी शेडचं एकही हत्यार घेतलं नाही. गावाहून आणलेली ट्रंक उघडली. त्यात कल्हईची सांडशी, नवसागराची पुडी, कापूस सगळं वेगळं होतं. आंघोळ करून, धुतलेली लुंगी नेसून बसले. नवसागराचा धूर निघाला, कथील वितळलं, कापूस एकदा फिरला आणि काळा टोप आतून चंद्रासारखा झाला. तेलुगू माणसांनी टाळ्या वाजवल्या. भाय नुसते टोपात बघत बसले होते. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

तेव्हापासून त्या टोपात मी रोज माशाचं कालवण करायची, चिंच नाहीतर गावची सोलं घालून. दर वर्षी ते तो पुन्हा कल्हई करून द्यायचे.

शुक्रवारी बाबा यायचा. नेम धरायला लांब लोखंडी पत्रा टांगलेला होता. बाबाची बंदूक खोकल्यासारखी वाजायची, मग मनात एक म्हणावं आणि पत्रा टण् करायचा. इतकी ती गोळी सावकाश जायची. हुसेनभाय बाबाच्या शेजारी उभे राहून ओरडायचे, "लगा!" नाही लागली तर गप्प. पण बाबाचे मुलगे नव्या बंदुका घेऊन यायचे. त्या वाजल्या की माझ्या चुलीवरचं झाकण थरथरायचं. बाप आणि मुलगे कानांवर आवाज अडवणाऱ्या मोठ्या वाट्या चढवून उभे असत. हुसेनभाय त्यांच्या पायाशी रिकाम्या पुंगळ्या वेचत असत, उघड्या कानांनी. एकदा त्यांनी आपल्या कानाकडे बोट करून काहीतरी मागितलं. थोरला मुलगा हिंदीत म्हणाला, "तू तो सारी उमर ठोक-पीट में रहा है. तेरे को क्या होगा?" सगळे हसले. भायही हसले.

मला पहिल्यांदा कळलं ते कुकरमुळे. ते चुलीकडे पाठ करून बसले होते, शिटी झाली, मी दचकले, ते हलले नाहीत. मग शुक्रवारी मी लक्ष ठेवलं. बंदूक खोकली की हुसेनभाय पत्र्याकडे बघतच नसत. बाबाच्या तोंडाकडे बघत. बाबाची मिशी हलली की ओरडत, "लगा!"

त्याच सुमाराला एक ओत नासली. मुशीत लापशीसारखे गोळे झाले. बाबा आला, त्याने पळीने ढवळून पाहिलं. "हुसेन, इस में ज़िंक कैसे आया?" भाय म्हणाले, साचा खराब झालाय, शिशात माती होती. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नव्हता, आणि ते बाबाला कळत होतं. त्याने पळी खाली ठेवली आणि गेला. संध्याकाळी बोरीखाली चपला बदलताना मी दिसले, तर मला म्हणाले, "तुला काय कळलं असंल तर तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

मी मान हलवली.

"गावाला मला काय काम हाय? वडाखाली बसून स्टीलची भांडी बघू? हितं माज्या हाताला कोन तरी विचारतं. बाबाला कळलं, तर उद्या धाडंल."

मी कुणाला सांगणार होते? त्यांनी मला बहीण म्हणून आणलं होतं. आणि गप्प राहणं हे एकच काम मला चांगलं जमतं. मला वाटलं, मी त्यांच्यासाठी काहीतरी करते आहे.

पुढच्या कल्हईच्या दिवशी नव्या कांड्या आल्या. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून बाबाने दुसरीकडून आणल्या होत्या. हुसेनभाय आंघोळ करून बसले, ट्रंक उघडली. कांडी कानापाशी नेली, वाकवली. मी टोप घेऊन हातभर अंतरावर उभी होते. मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी दुसऱ्या कानाला लावून आणखी वाकवली. मग माझ्याकडे बघून मान डोलावली. "रडतंय."

मी टोप खाली ठेवला.

मला वाटलं, त्यांनी धातूत जन्म काढलाय, मला काय कळतं. मला वाटलं, त्यांच्या कानापाशी असल्यामुळे त्यांना ऐकू आलं असेल. हे मला खरंच वाटलं होतं की मी नंतर ठरवलं, ते आता सांगता येत नाही.

कल्हई झाली. दोन दिवसांत ती काळवंडली. फडक्याने पुसलं की फडकं राखाडी व्हायचं. मी ते भायांना दाखवलं तर म्हणाले, "हवा दमट हाय." मी सोलं घालून कालवण करत राहिले.

तीन-चार महिन्यांनी माणसांची पोटं धरायला लागली. शौचाला होईना, तोंडाला चव नाही. माझंही पोट पिळवटायचं. मी ओवा द्यायची, एरंडेल द्यायची. मग रघूचा हात पडला. रघू संगमेश्वरचा, खजुराच्या झाडावर माकडासारखा चढायचा, वरून मला हाक मारून म्हणायचा, "शेवंताताई, इथून आमचं गाव दिसतंय, काय सांगू आईला?" त्याचा उजवा पंजा मनगटातून लोंबायला लागला. उचलायला गेला की बोटं खालीच. इस्पितळात नेला. मल्याळी डॉक्टरने रक्त काढलं आणि सांगितलं, ह्याच्या अंगात शिसं आहे. मग शेतावरच्या बाकीच्या माणसांचं आणि माझं रक्त घेतलं. सगळ्यांत होतं.

बाबा त्याच दिवशी मजऱ्यावर आला आणि शेडकडे बोट करून म्हणाला, "ये तेरा धुआँ है, हुसेन."

हुसेनभायांनी ते त्याच्या तोंडावरून ओळखलं. ते चिडले. बाबासमोर त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. त्यांनी बाबाला हाताला धरून बोरीपाशी नेलं, चपलांचे दोन जोड दाखवले, चुन्याचा डबा दाखवला, मातीची चिमूट उडवून दाखवली. "मेरा चूल्हा उधर, इसका चूल्हा इधर. कैसे जायेगा?" बाबा खांदे उडवून निघून गेला.

संध्याकाळभर ते बोरीखाली बसले होते. मग उठले, ट्रंक उघडली आणि उरलेली कांडी घेऊन माझ्या चुलीपाशी आले.

"बाय, ही वाकव."

मी हात पुसले.

"कानाशी धर. नीट आयक."

मी वाकवली. कांडी मुकाट वाकली, मेणासारखी. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"रडतंय?"

मी म्हणाले, "रडतंय, भाय."

"बाय," ते म्हणाले, "पाच वरसं मी बाबाचं तोंड वाचून 'लगा' म्हनतोय. तुजं तोंड मला वाचता येनार नाय काय?" त्यांनी माझ्या हातातून कांडी काढून घेतली. मग एकदम विचारलं, "त्या दिवशी पन असंच मुकं व्हतं? तू उभी व्हतीस ना हितं?"

मी खाली बघितलं.

"एक शबुद बोलायचा गो," ते म्हणाले. रागाने नाही. "येकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आला तेव्हा ते स्वतः त्याच्यापुढे गेले. मी चहा घेऊन उभी होते. त्यांनी टोप दाखवला, कांडी दाखवली. मग कानावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, मेरा कान गया. बहुत दिन हुआ. मैं छुपाया."

बाबाने चहाचा पेला घेतला. "मालूम है," तो म्हणाला. हुसेनभायांना कळलं नाही, म्हणून त्याने आपल्या कानाला बोट लावून मोठ्याने, तोंड उघडून सांगितलं, "मालूम! चार साल से मालूम! कान का क्या काम है? गोली तो हाथ बनाता है. ज़िंक का दिन बोलता, मैं दूसरा आदमी देता सुनने को."

मी भायांकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही. जी गोष्ट ते इतकी वर्षं जीव मुठीत धरून लपवत होते, ती त्या माणसाला माहीत होती आणि त्याला तिचं काहीच नव्हतं. त्यांनी ती सांगितली असती तर कांड्या ऐकायला कुणीतरी दुसरा बसला असता. कदाचित मीच बसले असते. मला नुसतं ऐकायचं होतं, बोलायचंही नव्हतं.

पण आता इस्पितळाचे कागद झाले होते. कुणी विचारायला आलं तर शेड दिसायला नको होती. बाबाने हुसेनभायांना आणि रघूला परत पाठवायचं ठरवलं. रघूचा हात औषधाने थोडा उचलायला लागला होता, पण झाडावर चढण्यासारखा राहिला नव्हता. आमची बाकीच्यांची औषधं झाली आणि आम्ही कामाला लागलो. हुसेनभायांचं रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही. आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांच्याच अंगात ते जास्त असणार, हे मला आता कळतं.

जाण्याआधी बाबाने त्यांना सांगितलं की जेवढं शिसं उरलंय तेवढ्याच्या गोळ्या ओतून दे. त्याला दुसरा ओतणारा मिळणार नव्हता. मला वाटलं, भाय नाही म्हणतील, निदान वाईट ओततील. ते नऊ दिवस शेडमध्ये बसले. वजनं दगडावर टाकून ऐकायला त्यांनी रघूला शेजारी बसवलं. रघू डाव्या हाताने खूण करायचा, डावीकडे, उजवीकडे. पहिल्यासारख्याच शंभरामागे साठ ठेवल्या, चाळीस परत वितळवल्या. सगळ्या गोळ्या ओळीने मांडल्या. एकीवरही सुरकुती नव्हती.

फरक एवढाच झाला की बोरीखाली चपला बदलायचं त्यांनी सोडून दिलं. शेडच्याच चपलांनी ते सगळीकडे फिरले.

शेवटच्या दिवशी त्यांनी टोप रेतीने घासला, आतलं तांबं लाल होईपर्यंत. मग पालथा घातला आणि छिन्नी लावून तळाला भोक पाडलं. जन्मभर भोकं बुजवणारा माणूस. हातोडीचे घाव मी चुलीपाशी मोजले, सात बसले. मला काही न सांगता ते गाडीत चढले.

त्यानंतर तीन वर्षांनी मी सुट्टीवर गेले तेव्हा खाडीपलीकडे त्यांच्या गावी गेले. बरोबर खजूर नेला होता. त्यांचं घर रस्त्याला लागूनच आहे. मी कुंपणाशी पोचले तर एक मुंबईची बाई हातात पितळेचं मोठं पातेलं घेऊन त्यांच्यापुढे उभी होती. जुनी भांडी आता लोकांना पुन्हा आवडायला लागली होती. ती म्हणत होती की सगळ्या तालुक्यात कल्हई करणारा एकही सापडला नाही, तुमचंच नाव सांगितलं, म्हणाल ते देईन.

हुसेनभाय खूप वाळले होते. पातेल्याच्या काठावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. अंगठा थरथरत होता. मग ते ज्या मोठ्या आवाजात बोलले, तसा आवाज मी त्यांच्या तोंडी कधी ऐकला नव्हता. बहिरी माणसं बोलतात तसा. "मी ठार बहिरा हाय, बाई. माज्याकडनं भांडं करून घेऊ नका."

तिला वाटलं, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही एवढ्यासाठीच ते नाही म्हणतायत. ती ओरडून म्हणाली, "कानाचं काय काम आहे, आजोबा?"

त्यांनी पातेलं तिच्या हातात परत दिलं, वळून पाठ केली आणि ओट्यावर बसून बिडी शोधायला लागले. ती गाडीत बसून गेली.

मी कुंपणाशी उभी राहून हाक मारली. "भाय." मला जमेल तेवढ्या मोठ्याने आणखी एकदा मारली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. आत जाऊन समोर उभं राहायला हवं होतं, म्हणजे त्यांनी माझं तोंड वाचलं असतं. ते काय वाचतील, ते मला माहीत होतं. खजुराची पिशवी मी कुंपणाच्या खुंटाला अडकवली आणि शेवटच्या होडीला गेले.